गाठींसाठी आलेली गाडी

बुलढाणा जिल्ह्याचा वारसा सांगा म्हटलं की यादी ठरलेली असते. लोणारचं सरोवर, सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा, मेहकरचा शारंगधर बालाजी, शेगावचे गजानन महाराज. हिवरा आश्रमच्या विवेकानंद जन्मोत्सवातली लाखाची पंगतही आता या यादीत मानाने बसते. खामगावच्या जिनिंग-प्रेसिंगचं नाव मात्र त्यात कुणी घेत नाही. उंच धुराडं, पत्र्याची छपरं, गोदामाच्या लांबच लांब भिंती याला वारसा म्हणायची आपल्याला सवयच नाही. पडका बुरूज दिसला की आपण थांबतो आणि बंद पडलेला जिन दिसला की तिथे किती प्लॉट पडतील याचा अंदाज बांधतो. आणि या जिल्ह्याला लिव्हरपूल-मँचेस्टरच्या बाजाराशी बांधलं ते मात्र कापसाने. राजवाड्यांचा त्यात काही हात नव्हता. घाटाखालच्या गावांना ज्या सोयी आधी मिळाल्या, त्यांच्या मुळाशीही कापूसच आहे. त्यातली मेख अशी की यातल्या बऱ्याच सोयी माणसांसाठी झालेल्याच नव्हत्या. त्या कापसाच्या गाठींसाठी झाल्या आणि माणसं त्यांत मागाहून शिरली. कारखानदारीच्या या वारशाकडे पाहायचं तर सोय कुणासाठी झाली आणि पुढे ती कुणाच्या उपयोगी पडली, या दोन प्रश्नांतूनच पाहायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

खामगावचा कापसाचा व्यापार रेल्वेच्या आधीचा. साधारण १८२० च्या सुमारास इथे व्यापाऱ्यांनी दुकानं मांडली, त्यात तूप, सूत आणि थोडा कापूस असा माल असे. वऱ्हाडचा कापूस त्या काळी लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजून वजनाने वाढे आणि बैल बसून जात. पुढे १८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबईत भाव आभाळाला भिडले आणि युद्ध संपताच तितक्याच वेगाने कोसळले. पण तोवर रुळांची आखणी झाली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची गाडी १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मात्र हा मुख्य मार्ग खामगावला बाजूला ठेवून जलंबवरून गेला. मग सरकारने स्वतःच्या पैशाने जलंब ते खामगाव असा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा काढला. त्याचं उद्घाटन १८७० मध्ये झालं आणि त्यासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने खामगावला आले. वीस हजारांची वस्तीही नसलेल्या गावाच्या तेरा किलोमीटर रुळांसाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी येतो, यातच त्या रुळांचं मोल कळतं. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता आणि मुंबईपर्यंत समुद्राखालची तार त्याच वर्षी पोचली. कालवा, तार आणि फाटा ही तिन्ही कामं कापसाच्या प्रवासातले दिवस कमी करणारी होती.

यावर कुणी म्हणेल की गाडी कापसासाठी आली म्हणून काय झालं, तिच्यातून माणसंही गेलीच ना? गेली, अजूनही जातात. जलंब-खामगाव गाडी आजही आहे. पण मिळालेल्या सोयीचा फायदा माणसं करून घेतात, यावरून ती सोय कुणाला डोळ्यांपुढे ठेवून आखली हे ठरत नाही. तसं असतं तर घाटावरच्या चिखली-मेहकरच्या माणसांनाही प्रवास करायचा होताच. गाडी तिथे गेली नाही. रूळ कापसाच्या पेठेपर्यंत आले आणि थांबले. खामगावच्या पुढे घाट चढून जालन्यापर्यंत रेल्वे न्यावी, ही मागणी शतकभर जुनी आहे आणि जिल्ह्यातल्या बहुतेक निवडणुकांत तिची उजळणी होते. घाटावर आणि घाटाखाली हा आपल्या जिल्ह्यातला रोजच्या बोलण्यातला भेद डोंगराने पाडला खरा, पण तो पक्का केला रुळांनी.

जिन म्हणजे काय, हे आता कापसाच्या पट्ट्यातल्या तरुणांनाही सांगावं लागतं. शेतकरी विकतो तो कापूस सरकीसकटचा असतो. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. आधी हे काम घरोघरच्या चरकीवर होई. कारखान्यात आलेल्या रोलर जिनमध्ये चामड्याचा रूळ फिरतो, त्याला चिकटून एक स्थिर पातं असतं आणि दुसरं पातं खालीवर हलत राहतं. रूळ तंतू ओढून नेतो, हलतं पातं सरकीला धक्का देतं, सरकी तंतूपासून सुटून जाळीतून खाली पडते. अमेरिकेतले करवतीच्या दात्यांचे जिन झपाट्याने काम करत, पण आपल्या आखूड धाग्याच्या कापसाची त्यात चाळण होई. म्हणून इथे रोलरच टिकला. सुटलेली रुई प्रेसमध्ये जाते, दाबाने तिचा फुगवटा मोडतो, वर तागाचं तरट चढतं आणि लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात. आजची गाठ १७० किलोची, तेव्हाची ३९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ तेवढीच. बैलाच्या पाठीवर गाडाभर जागा खाणारा कापूस आगगाडीच्या डब्यात आणि बोटीच्या पोटात रचता येईल असा झाला, ही त्या प्रेसची खरी कामगिरी. राली आणि वोलकार्टसारख्या परदेशी पेढ्यांची माणसं वऱ्हाडच्या बाजारात उतरली ती याच गाठींसाठी, आणि त्यांच्या व्यवहाराच्या ठिकाणांत खामगावही होतं.

या यंत्रांपुढे बसत त्या बहुतांशी बाया. कापूस जिनात सारणं हे कमी मजुरीचं, मोसमी आणि नाका-तोंडात तंतू जाणारं काम होतं, म्हणून ते त्यांच्या वाट्याला आलं. १८८० च्या दशकात मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी केली, तेव्हा शेजारच्या खानदेशातल्या जिनांमधला दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होऊन रात्री उशिरा संपतो, असं तिच्यापुढे सांगण्यात आलं. दिवाळीनंतर चार-सहा महिने चालणाऱ्या कारखान्यांना मालक ‘मोसमी’ म्हणवून घेत आणि नियमांतून सवलत मागत. औद्योगिक वारसा म्हटला की आपण धुराड्याचा फोटो काढतो आणि मालकाचं नाव कोरलेली पाटी जपतो. जिनासमोर बसलेल्या बाईचं काहीच उरत नाही, कारण तिचं नाव हजेरीपटाखेरीज कुठे लिहिलेलंच नसतं, आणि जिन बंद पडला की हजेरीपट रद्दीत जातो. माझ्या मते धुराड्याआधी वाचवायची वस्तू म्हणजे तो हजेरीपट.

वऱ्हाडच्या कापसाने देशाला दिलेली एक सोय मात्र अशी आहे की तिचा जन्म कुठला हे फार जणांना ठाऊक नाही. ती म्हणजे बाजार समिती. पूर्वी कापसाचा सौदा हत्ता पद्धतीने व्हायचा. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव सांगत आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून फक्त रुमाल पाहत राही. वर कडता, हमाली, तोलाई आणि धर्मादाय. बैलगाडी माल न विकता परत न्यायची तर बैलांचा चारा अंगावर, म्हणून शेतकरी पडेल त्या भावाला मान डोलावी. १८८६ मध्ये कारंजा लाड इथे सरकारी हुकुमाने नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा हा पहिला कायदा. शेतकऱ्याचा कळवळा हे त्यामागचं मुख्य कारण होतं, असं मानायला मात्र आधार थोडा आहे. मँचेस्टरला ओला आणि मिसळीचा कापूस नको होता, वजन-मापं ठरलेली हवी होती. समित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. शेतकऱ्यांना नीट प्रतिनिधित्व देण्याचा विचार १९२७ च्या मुंबईच्या कायद्यात आला आणि शेतीवरच्या रॉयल कमिशनने १९२८ मध्ये असे बाजार देशभर असावेत म्हटलं. म्हणजे गिऱ्हाइकासाठी झालेली सोय चाळीस वर्षांनी, तीही दुसऱ्या प्रांतात, विकणाऱ्याची झाली. आज बाजार समितीत कितीही राजकारण शिरलं असलं, तरी भाव उघड पुकारला जातो ही गोष्ट रुमालाच्या जमान्याशी ताडून पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. खामगावच्या किंवा कारंजाच्या बाजार आवारात याची एखादी पाटी असती, तर किल्ल्याच्या पाटीपेक्षा ती शेतकऱ्याच्या जास्त ओळखीची ठरली असती.

इथे एक जड आक्षेप येतो आणि तो बाजूला सारता येत नाही. हा सगळा साम्राज्याच्या लुटीचा पसारा, तो जपायचा कशाला? इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचा एकत्र अभ्यास करून दाखवलं आहे की कापूस वाढला तसा ज्वारीचा आणि गुरांच्या चराईचा आधार खचला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत सुपीक म्हणून नावाजलेला वऱ्हाड भुकेला राहिला. गाठ वाहून नेणारी गाडी भाकरीची हमी देत नव्हती. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. लुटीचा पसारा होता म्हणूनच त्याचा पुरावा जपला पाहिजे. राजवाडा पाहून राजा किती मोठा होता हे कळतं, तर प्रेस आणि फाटा पाहून माल कुठून कुठे गेला, कुणाच्या वजनाने गेला आणि मागे काय राहिलं हे कळतं. हे शिकवायला जिल्ह्यात दुसरी इमारत नाही. शिवाय कापसाचा पैसा सगळाच लिव्हरपूलला गेला असंही नाही. खामगावला आज चांदीची पेठ म्हणून ओळखतात. कापूस विकून हातात आलेली रक्कम सावकाराच्या नजरेआड ठेवायची तर पाटल्या-वाळ्यांइतकी सोयीची जागा नव्हती. कापसाची पेठ आणि चांदीची पेठ एकाच गावात असण्यात मला तरी योगायोग दिसत नाही.

गाठींसाठीची सोय माणसांची होऊन मग मोडली, याचंही उदाहरण जवळच आहे. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ आणि दुसरीकडे अचलपूर असे अरुंद रूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या कंपनीच्या छत्राखाली टाकले गेले, तेही कापसासाठीच. लोकांनी त्या गाडीला शकुंतला म्हणून आपलं केलं. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. कापूस ट्रकवर गेला, गाडीचं मूळ कारण संपलं, तरी तिकीट स्वस्त म्हणून गोरगरीब तिनेच फिरत राहिले. पण हिशोबाच्या वहीत गाडी मालाची होती आणि माल संपला होता. अखेर ती बंद पडली. गावोगावी मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. मालासाठी झालेली सोय माणसांच्या नावावर वेळेत चढवली नाही, की माल गेल्यावर तिला वाली उरत नाही, हे शकुंतलेने वऱ्हाडाला दाखवून दिलं.

याच्या अगदी उलटी वाट घाटावर हिवरा आश्रमात दिसते. इथे ना पेठ होती, ना प्रेस, ना रूळ. १९६५ मध्ये शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम स्थापन केला. रुग्णसेवा, शाळा आणि पुढे कृषी महाविद्यालय असा त्याचा विस्तार झाला. जन्मोत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून पंगतीपर्यंत नेतात आणि इतकी माणसं शिस्तीत एका वेळी जेवतात, की वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्याने एकदा येऊन पाहावं. ही सोय पहिल्या दिवसापासून माणसांसाठी होती. तिच्या मागे नफा नव्हता, लोकवर्गणी आणि श्रम होते. मग घाटाखालच्या धुराड्यांचं कौतुक हवंच कशाला, असा प्रश्न इथला माणूस विचारू शकतो. त्याचं उत्तर असं की श्रद्धेवर आश्रम उभा राहतो, त्यावर रेल्वे येत नाही. पाणीयोजना, रूळ, बाजार आवार ही कामं भांडवल आणि सरकार यांच्याशिवाय होत नाहीत, आणि भांडवल स्वतःच्या कारणासाठीच येतं. ते आलं की त्यातून लोकांच्या पदरात काय पडेल हे बघणं, हे लोकांचं काम.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डंडी या बंदराच्या गावाने ते काम बऱ्यापैकी केलं. गाठीवरच्या तरटाचा ताग बंगालातून जहाजांनी या बंदरात उतरे आणि तिथल्या देवमाशांच्या शिकारीतून मिळणाऱ्या तेलाने तो मऊ करून विणला जाई. तिथेही गिरण्यांत बायांचीच संख्या जास्त होती, मजुरी कमी होती. पण मालकांच्या पैशातून गावाच्या नावावर काही चढलं. बॅक्स्टर घराण्याने १८६३ मध्ये बाग दिली, ताग-सम्राट केअर्ड यांच्या देणगीतून सभागृह उभं राहिलं. कलकत्त्याच्या गिरण्यांपुढे डंडीचा ताग मागे पडत गेला. एके काळी पाच हजार कामगार असलेला लोकी भागातला कॅम्परडाउन कारखाना १९८१ मध्ये बंद पडला. त्याचं २८२ फुटी धुराडं आजही उभं आहे आणि भोवतीच्या इमारतींत घरं आणि दुकानं आली. १८३३ ची एक गिरणी विश्वस्त संस्थेने घेऊन १९९६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली, त्यात यंत्रं चालवून दाखवतात आणि कामगार बायांच्या आठवणी ऐकवतात. डंडीत श्रीमंत सरकार आहे, प्रवासी आहेत, खामगावला काय आहे, असं कुणी म्हणेल. खामगावपासून पंधरा-वीस किलोमीटरवर शेगाव आहे, तिथे वर्षभर भाविकांची रीघ असते आणि दर्शनानंतर त्यांच्यातल्या अनेकांकडे अर्धा दिवस मोकळा असतो. मात्र प्रवासी येतील म्हणून जपा, हा युक्तिवाद मी मुख्य करणार नाही. प्रवासी न आल्यास तो कोसळतो.

मुख्य युक्तिवाद जागेचा आहे, आणि खरा विरोधही तिथेच आहे. जुने जिन गावाबाहेर बांधले होते, गाव वाढलं आणि ते मध्यवस्तीत आले. मालकाला प्लॉट पाडून पैसा मिळतो आणि नगरपालिकेला कर. नळाला रोज पाणी नाही, मग जुन्या भिंतींवर खर्च कसला, हा प्रश्नही रास्त आहे. ज्ञानगंगेच्या गेरूमाटरगाव धरणातून पाणी आणणाऱ्या गावाला तो पडणारच. पण इथे खर्चाची गल्लत होते. जिनिंगचं गोदाम म्हणजे खांबांचा अडथळा नसलेला मोठा, उंच, हवेशीर वाडा. अभ्यासिका, भाजीबाजार, महिला बचत गटांचं उत्पादन केंद्र, लग्नाचं सभागृह यासाठी पालिका नवी इमारत बांधते, तेव्हा याहून बरी जागा तिला मिळत नाही. दुरुस्ती नव्या बांधकामाहून महाग पडते असं सरसकट म्हणता येत नाही, मोजून पाहावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी मोजलंच जात नाही. मुंबईत गिरणगावचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. १९८२ च्या संपानंतर जमिनी मोकळ्या झाल्या, १९९१ च्या नियमांत गिरणीच्या जागेचा वाटा शहराला मिळेल असं ठरलं, पुढे व्याख्या बदलल्या आणि शहराच्या हाती अपेक्षेपेक्षा बराच कमी तुकडा आला. नगरपालिकेने प्लॉट मंजूर करतानाच एक गोदाम आणि काही मोकळी जागा गावाच्या नावे लिहून घेतली, तर जपणुकीसाठी वेगळी तिजोरी उघडावी लागत नाही. खामगावची नगरपालिका १८६७ ची आहे. तिला हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नसावी.

सोय कुणासाठी, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, मेहकरजवळून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. मुंबईच्या बंदरापर्यंत माल लवकर जावा हे त्याच्या कारणांतलं एक मोठं कारण, म्हणजे १८७० चाच हेतू, फक्त रूळ जाऊन डांबर-काँक्रीट आलं. दोन्ही बाजूंना कुंपण आहे, चढ-उतार ठरावीक ठिकाणीच. ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याला पलीकडच्या बांधावर जायला वळसा पडतो. इंटरचेंजजवळ कृषी समृद्धी केंद्रांचा बेत आहे. त्यांत सोयाबीन-कापूस साठवायचं गोदाम शेतकऱ्याला कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर मिळणार, तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला एसटी मिळणार का, हे आत्ताच विचारायचे प्रश्न आहेत. खामगाव-जालना रेल्वे खरोखर झाली, तर ती चिखलीवरून जाईल अशी आखणी आहे. हिवरा आश्रमच्या आणि मेहकरच्या माणसाला गाडी धरायला तेच स्थानक जवळ पडेल. त्या स्थानकाचा आराखडा जनतेपुढे येईल तेव्हा मालधक्का किती डब्यांचा आहे हे सगळे पाहतील. चिखलीहून मेहकरकडे जाणारी शेवटची बस किती वाजताची आणि ती गाडीच्या वेळेला जुळते का, हे मात्र घाटावरच्या ग्रामपंचायतींनाच लिहून विचारावं लागेल.